मार्च एंडिंगचं भांडण

डोंबिवलीला राहणारी माझी मावसबहीण एका बँकेत अधिकारी आहे. मार्च उजाडला की वसुलीचा तगादा, विम्याचं टार्गेट आणि रात्री उशिरापर्यंत शाखेत थांबणं. परतीच्या लोकलमध्ये बसायला मिळालंच, तर मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलायचे. घरी आल्यावर ती गप्प. नवरा विचारायचा, "माझं काही चुकलं का?" ती म्हणायची, "काही नाही." त्या उत्तरावरून अबोला सुरू व्हायचा आणि आठवडाभर टिकायचा.

गोष्ट घटस्फोटाच्या बोलण्यापर्यंत गेली. समुपदेशक बाईंनी दोघांना भांडणांच्या तारखा आठवून लिहायला सांगितल्या. बहुतेक सगळ्या तिमाहीअखेरच्या निघाल्या!

मानसशास्त्रज्ञ रेना रेपेटी यांनी १९८९ मध्ये विमान वाहतूक नियंत्रक आणि त्यांच्या जोडीदारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कामाचा ताण जास्त असलेल्या दिवशी नियंत्रक घरी मिटून घ्यायचे. जोडीदार समजूतदार असला, तर ते गप्प बसायचे, पण चिडायचे कमी. म्हणजे दमलेल्या माणसाला थोडं एकटं राहू देणं हीसुद्धा साथच असते.

पण आपल्याकडे बाईला हे गप्प बसणं मिळतं कुठे? २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. ती घरात पाऊल टाकते तेव्हा कुकर लावायचाच असतो. हे अन्यायाचं आहे, आणि नुसत्या प्रेमळ बोलण्याने ते सुटत नाही.

मावसबहिणीच्या घरी रात्रीचा स्वयंपाक नवऱ्याने पूर्ण अंगावर घेतला. भाजी आणण्यापासून उद्या काय करायचं हे ठरवण्यापर्यंत. "मला नुसतं पानावर बसायचं असतं, याचंच मोठं सुख," असं ती सांगते. लोकलमधून ती आधीच मेसेज टाकते: आज दिवस वाईट गेला, राग तुझ्यावर नाही. आल्यावर अर्धा तास तिला कुणी काही विचारत नाही. क्लोजिंगच्या दिवसांत संसाराचा कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही, हेही दोघांनी ठरवलंय. नोकरदार जोडप्यांनी यातलं निदान मेसेजचं तरी लगेच सुरू करावं.

झोप उडाली, सकाळी कामावर जायच्या विचारानेच छाती धडधडू लागली, तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठीत, मोफत बोलता येतं. मारहाण किंवा धाक असेल, तर मात्र तो ऑफिसच्या ताणाच्या खात्यात घालू नये. त्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.