कालचा मान्ना, जपलेला मान्ना

आजचे वाचन: निर्गम 16:13-35, यहोशवा 5:10-12



आज थोडं घरचं सांगतो. आई प्रभूघरी गेली त्याला आता दोन वर्षं होतील. तिचं 'उपासना संगीत' माझ्याकडे आहे. पाठीला चिकटपट्टी, पानांच्या कडेला पेन्सिलच्या खुणा. नगरकडच्या आमच्या गावच्या चर्चमध्ये ती पेटीशेजारी बसून गायची. ठाकुर्लीत राहायला आल्यावरही रविवारी सकाळी स्वयंपाक करताना तिचं गाणं चालूच असायचं.

आमच्या फेलोशिपमध्ये आता तरुण मुलं गिटार घेऊन गातात, शब्द स्क्रीनवर येतात. त्या स्लाइड मीच बनवायचो. आई गेल्यावर मी ते काम सोडलं. ऑफिसमध्ये रिलीज आहे, वेळ नाही, असं सांगितलं. खोटं होतं ते. नवीन गाणं सुरू झालं की वाटायचं, आईला मागे टाकून सगळे पुढे निघालेत. मी हाताची घडी घालून गप्प उभा राहायचो आणि मनात म्हणायचो, 'यांना भक्ती काय कळणार!'

मागच्या आठवड्यात स्लो लोकलमध्ये उभ्याउभ्या निर्गमाचा 16 वा अध्याय वाचला. गोष्ट लहानपणापासून पाठ आहे. मान्ना रोज सकाळी गोळा करायचा, उद्यासाठी ठेवायचा नाही. काहींनी ठेवला, तर त्यात किडे पडले आणि घाण वास सुटला. पण या वेळी शेवटाकडे थांबलो. त्याच अध्यायात देव सांगतो की एक ओमरभर मान्ना पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवा! अहरोन तो भांड्यात भरून परमेश्वरासमोर ठेवतो.

मान्ना तोच. एक ठेवला तर सडला, दुसरा ठेवायची तर आज्ञाच होती. मग फरक कुठे?

मला असं दिसलं: पहिल्यांनी ठेवला तो उद्याचा भरवसा नव्हता म्हणून. देवाने काल दिलं, उद्या देईल की नाही कोण जाणे. भांड्यातला मान्ना मात्र साक्षीसाठी होता, देवाने रानात आपल्याला काय खाऊ घातलं ते मुलाबाळांनी बघावं म्हणून. आणि त्या भांड्यातून जेवा असं कोणालाच सांगितलं नव्हतं. भांडं समोर असतानाही सकाळी उठून बाहेर जावंच लागायचं.

मी दोन वर्षं भांड्यातलंच खात होतो.

पुढे यहोशवा 5 बघा. गिलगालात लोक वल्हांडण पाळतात, म्हणजे जुनी आठवण. दुसऱ्या दिवशी ते कनान देशाचं पीक खातात, आणि मग मान्ना बंद होतो. रानात जन्मलेल्यांसाठी मान्ना म्हणजे आईच्या हातची चव! कोणाला तरी रडूही आलं असेल. पण ज्याने मान्ना दिला त्यानेच हे पीकही दिलं होतं. आठवण सोडावी लागली नाही, आणि नवं अन्न नाकारावंही लागलं नाही.

आता आईचं पुस्तकच घ्या. त्यातली कितीतरी गीतं रेव्ह. ना. वा. टिळकांची. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याआधी आपल्या मंडळ्यांत पाश्चात्त्य चालींवरची भाषांतरित गीतं बरीच गायली जायची. टिळकांनी अभंग, ओवी, भजन आणलं. 1917 मध्ये, पंचावन्नी उलटल्यावर, त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. म्हणजे मी ज्याला 'आपलं जुनं' म्हणून कवटाळतो, ते एके काळी नवंकोरं होतं. तेव्हाच्या लोकांनी हाताची घडी घातली असती, तर आईला गायला काय उरलं असतं?

याचा अर्थ नवं ते सगळं चांगलं, असं नाही. पौल 1 थेस्सलनीका 5:21 मध्ये सांगतो की पारखून घ्या, चांगलं ते धरून ठेवा. आणि मित्रांनो, 'हे बोअरिंग आहे' म्हणून भांडंच फेकून देऊ नका. शास्ते 2:10 वाचा, परमेश्वराने काय केलं हे माहीतच नसलेल्या पिढीबद्दल आहे.

रविवारी मी त्या मुलांना खरं कारण सांगितलं आणि लॅपटॉप परत हातात घेतला. एक गीत आईच्या पुस्तकातलं, एक नवीन. नवीन गाण्यात माझा ताल दोनदा चुकला. आईची आठवण आलीच, पण या वेळी तोंड बंद झालं नाही.

आज स्वतःला विचारा:
1. मी जे जुनं जपतो, ते मला आजच्या देवाकडे नेतं की फक्त कालच्या दिवसांकडे?
2. माझ्या घरच्या वडीलधाऱ्यांचं एक तरी गीत मला येतं का?
3. आज सकाळी मी टोपली घेऊन बाहेर पडलो का?

प्रार्थना: हे प्रभू, तू आमच्या आईवडिलांना जे दिलंस त्याबद्दल तुझे आभार. ते जपायला शिकव. आणि आज तू जे देतोस ते घ्यायला आमचे हात मोकळे कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.