साठवणीचे पाणी आणि डास

डास पावसाळ्यात होतात व पाऊस सरला की जातात, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. महाडसारख्या सावित्रीकाठच्या गावी ती स्वाभाविकही म्हणावी लागेल. २२ जुलै २०२१ च्या महापुरासारखा पूर ओसरल्यावर अंगणात पडलेल्या मोडक्या सामानात, टायरांत व करवंट्यांत पाणी साचून राहते, हे सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. परंतु पोलादपूरच्या डोंगरातील वाड्यांवर आषाढात पाऊस कोसळतो आणि वैशाखात हंडाभर पाण्यासाठी पायपीट पडते. म्हणून तेथे घरोघरी पिंपे व रांजण भरून ठेवतात. डेंग्यूचा डास नेमका अशाच स्वच्छ, साठविलेल्या पाण्यात वाढतो.

हा डास काळसर असून त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात. तो दिवसा, विशेषतः सकाळी व दिवस मावळण्यापूर्वी चावतो. म्हणून केवळ रात्रीच्या मच्छरदाणीने भागत नाही. मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावे व दुपारी निजणाऱ्या तान्ह्या बाळावरही मच्छरदाणी असावी. हिवतापाचा डास निराळा. तो रात्री चावतो. हिवतापाचा प्रसार डासामार्फत होतो, याचा धागा रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे गवसला.

आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून कोरडी ठेवावी, असा ‘कोरड्या दिवसा’चा नियम आहे. अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याची मर्यादा. नियम योग्यच आहे. पण जी माउली झऱ्यावरून डोक्यावर हंडे वाहून आणते, तिला ‘पाणी ओतून द्या’ असे शाळेने सांगणे हा अविचार होय. ती ऐकणार नाही. आणि तिने ऐकूही नये. पाणी दुपदरी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यावे, फडके उन्हात वाळत घालावे, आणि रिकामे झालेले पिंप आतून काथ्याने खसखसून घासावे. घासणे सर्वांत महत्त्वाचे. कारण अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात व कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. नंतर तोंडाला फडके सुतळीने घट्ट बांधावे. नुसती ताटली झाकल्याने फट राहते.

वर्गात हे शिकविताना घरच्या रांजणातील पाणी काचेच्या पेल्यात आणवावे. त्यात अळ्या असल्यास त्या डोके खाली करून पृष्ठभागाला लोंबकळताना दिसतात. पेला हलविताच वळवळत तळाशी जातात व श्वासासाठी पुन्हा वर येतात. मुलांना ‘पाण्यातले किडे’ म्हणून ते ठाऊक असतातच. पेल्यावर फडके बांधावे व पाठ संपताच पाणी कोरड्या मातीवर ओतावे.

एखाद्या मुलास एकाएकी सणसणून ताप आला, डोळ्यांच्या मागे व सांध्यांत वेदना होऊ लागल्या, तर त्यास घरच्या गोळ्यांवर न ठेवता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. अॅस्पिरिन मुळीच देऊ नये. डेंग्यूत त्याने रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो. ताप उतरला म्हणून निर्धास्तही होऊ नये. पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त ही लक्षणे पुष्कळदा ताप उतरतानाच दिसतात. ती दिसताच, रात्र असली तरी, रुग्णास दवाखान्यात हलवावे.