दुचाकीवरून सुखरूप घरी

आपल्या वस्तीत आता जवळजवळ प्रत्येक गल्लीत दुचाकी उभी दिसते. कुणी तिच्यावरून घरोघरी जेवण आणि पार्सल पोहोचवतं, कुणी साईटवर जातं, कुणी सफाईच्या पहिल्या पाळीला पहाटे निघतं, कुणी पोरांना शाळेत सोडतं. हप्त्यावर घेतलेल्या त्या गाडीवर घरची चूल चालते. म्हणून गाडीवरच्या माणसाची सुरक्षितता हा जसा आरोग्याचा विषय आहे, तसाच घराच्या पोटापाण्याचाही आहे. हा पाठ घरात मोठ्याने वाचा आणि गाडी चालवणाऱ्या पोराला समोर बसवून वाचा.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली शंभरातली जवळजवळ ४५ दुचाकीवरची होती. हेल्मेट घातलेलं नव्हतं असे मृत ५०,०२९ आणि त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. मागे कोण बसतं? बहुतेक वेळा बायको, आई, बहीण, मूल. गाडी त्यांच्या हातात नसते, पण मार त्यांनाही तेवढाच बसतो.

डोक्याला मार बसतो म्हणजे काय होतं?

मोडलेला पाय सळई घालून जोडता येतो. मेंदूचं तसं नाही. मेंदू मऊ असतो आणि कवटीच्या कडक पेटीत पाण्यासारख्या द्रवात असतो. डोकं रस्त्यावर आदळलं की कवटी जागीच थांबते, पण आतला मेंदू पुढे जाऊन कवटीवर आपटतो. बारीक रक्तवाहिन्या तुटतात. रक्त साचतं, पेटीला वाढायला जागा नसते, मग ते रक्त मेंदूलाच दाबतं. बाहेर एक थेंब रक्त न दिसताही माणूस जाऊ शकतो, तो याच कारणाने.

हेल्मेट तीन कामं करतं. बाहेरचं टणक कवच एका जागी बसणारा मार सगळीकडे पसरवतं. आतलं जाड थर्माकोल स्वतः चेपतं आणि मेंदूला बसणारा धक्का कमी करतं. हनुवटीखालचा पट्टा हे सगळं डोक्यावर धरून ठेवतो. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्याच धक्क्याला उडून जातं, म्हणजे ते नसल्यातच जमा. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा असं दिसलं, की हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

हेल्मेट घेताना आयएसआयचा शिक्का आणि त्यासोबत ४१५१ हा आकडा आहे का ते बघा. १ जून २०२१ पासून दुचाकीसाठी आयएसआय नसलेलं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याकडेला टोपीसारखी पातळ हेल्मेटं विकली जातात. ती पोलिसाला दाखवायला असतात. साधं पण शिक्क्याचं हेल्मेट हजार रुपयांच्या आसपास मिळतं. डोक्यावर घालून मान जोरात हलवा. हेल्मेट डोक्यासोबत हललं पाहिजे, डोक्यावर फिरता कामा नये. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली एक बोट जाईल एवढीच जागा ठेवा. तोंड झाकणारं पूर्ण हेल्मेट घ्या, कारण पडताना जबडाही आपटतो. काच रात्री स्वच्छ दिसेल अशी, बिनरंगाची असावी. एकदा अपघातात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी आतलं थर्माकोल चेपलेलं असतं. ते पुन्हा वापरू नका.

पदर म्हणजे हेल्मेट नव्हे

आपल्याकडे रीतच पडली आहे: पुढे चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागे बसलेल्या बाईच्या डोक्यावर पदर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, पुढच्याला आणि मागच्यालाही. घरात गाडी एक असेल तर हेल्मेटं दोन हवीत. पोर शाळेत सोडायचं असेल तर त्याच्या मापाचं तिसरं हवं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी हेल्मेटबरोबर चालवणाऱ्याला बांधायचा पट्टा हवा आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. पोराला पुढे टाकीवर बसवू नका. ब्रेक लागला की त्याचं तोंड आधी हँडलवर आपटतं.

माता-भगिनींनो, मागे बसताना आणखी तीन गोष्टी सांभाळा. साडीचा पदर, ओढणी आणि बुरख्यासारखं लांब वस्त्र गाडी सुरू होण्याआधी गुंडाळून कमरेला खोचा. चाकात किंवा साखळीत ओढणी अडकली की गळ्याला फास बसतो आणि बाई मागे फेकली जाते. मागच्या चाकावरची जाळी, जिला आपण साडी गार्ड म्हणतो, ती गाडीला असलीच पाहिजे. गाडी चांगली दिसावी म्हणून पोरं ती काढून टाकतात, ती परत लावून घ्या. जमेल तेव्हा दोन्ही बाजूंना पाय टाकून बसा आणि पाय पायदानावर ठेवा. एका बाजूला बसलं की तोल त्याच बाजूला जातो आणि गचका बसला की धरायला काही हाती येत नाही. सासरची माणसं काय म्हणतील यापेक्षा आपण धड घरी येणं मोठं आहे.

गर्दीत गाडी कशी चालवावी?

आधी वेगाचा हिशोब करू. ताशी ४० च्या वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, ६० च्या वेगाने जवळजवळ १७ मीटर. समोर काही आलं हे डोळ्यांना दिसून हातपाय ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ६० च्या वेगात ब्रेक लागायच्या आधीच गाडी मोठ्या बसच्या लांबीपेक्षा जास्त पुढे गेलेली असते. त्यानंतर थांबायला लागणारं अंतर ४० च्या मानाने सव्वादोन पट होतं. आता वाचणारा वेळ बघा. पाच किलोमीटरला ४० ने साडेसात मिनिटं लागतात, ६० ने पाच. वाचली अडीच मिनिटं, आणि तीही पुढच्या सिग्नलला जातात. पार्सल पोहोचवणाऱ्या पोरांनी हा हिशोब लक्षात ठेवावा. उशिराबद्दल कंपनीचा मेसेज येईल, गिऱ्हाईक बोलेल. पण तुमचा हात मोडला तर महिनाभर घरी रेशन भरायला कुणी येणार नाही.

पुढच्या गाडीपासून अंतर मोजायची सोपी युक्ती आहे. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ म्हणा. तेवढं म्हणून व्हायच्या आत तुम्ही खांबापाशी पोहोचलात तर फार जवळ आहात. पावसात हे अंतर आणखी वाढवा.

ट्रक, डंपर आणि बस यांच्या डाव्या बाजूला घुसू नका. ड्रायव्हर उजवीकडे उंचावर बसतो, त्याच्या डाव्या कुशीतली दुचाकी त्याला दिसत नाही. मोठी गाडी डावीकडे वळताना तिचं मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आत येतं आणि दुचाकीवाला कठड्यात आणि चाकात सापडतो. तिच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्याला तुम्हीही दिसत नाही असं समजा. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता, सायन-पनवेल महामार्ग असे डंपर-ट्रेलरचे रस्ते ज्यांच्या रोजच्या वाटेत आहेत, त्यांनी ही एक गोष्ट तरी पाळावीच.

उभ्या गाड्यांच्या रांगेजवळून जाताना दार उघडेल एवढं अंतर सोडा. ब्रेक पुढचा आणि मागचा दोन्ही एकदम, चढत्या दाबाने लावा. नुसता पुढचा करकचून दाबला की चाक घसरतं, नुसत्या मागच्याने गाडी वेळेत थांबत नाही. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं. पांढरे पट्टे, गटाराची झाकणं आणि पुलांचे लोखंडी जोड साबणासारखे होतात. तिथे गाडी सरळ ठेवा, त्यावरच ब्रेक मारू नका आणि वळूही नका. पाणी साचलं असेल तर खाली खड्डा आहे असंच धरून चाला. फोन हेल्मेटमध्ये कानाशी खुपसून बोलणं बंद करा. रस्ता शोधायचा असेल तर गाडी बाजूला घेऊन बघा.

निघण्यापूर्वी एक मिनिट द्या: टायरमध्ये हवा, ब्रेक, पुढचा-मागचा दिवा, इंडिकेटर, दोन्ही आरसे. आरसे फॅशन म्हणून काढू नका. आणि साईड स्टँड वर घेतला का ते बघा, नाहीतर वळणावर तो रस्त्याला टेकून गाडी उलटते.

जयंती, रॅली आणि आपली पोरं

१४ एप्रिलला दुचाकींच्या रॅली निघतात. निळे झेंडे, घोषणा, उत्साह हे सगळं हवंच. पण एका गाडीवर तिघे, डोक्यावर नुसता निळा फेटा आणि एका हातात झेंड्याची काठी, असं करून बाबासाहेबांना मानवंदना होत नाही. रॅलीच्या आयोजकांनी हेल्मेट नाही त्याला गाडी काढू देऊ नये, झेंडा मागच्याने धरावा, वेग चालत्या माणसांना सोसेल एवढा ठेवावा. दारूबद्दल आपल्या घरात वेगळं सांगायची गरज नसावी, पाचवं शील रोज म्हणतो. तरी वैद्यकीय बाजू सांगते: थोडी दारूसुद्धा अंतराचा अंदाज बिघडवते आणि ब्रेक दाबायला उशीर करते. कायद्याने १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली तर तुरुंगवास किंवा दंड आहे.

अठरा वर्षांखालच्या पोराला गियरची गाडी देऊ नका. कलम १९९ अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. नोकरीला परवाना लागतो, हे त्याला समजावून सांगा.

अपघात झालाच तर

आधी मागून येणारी वाहनं थांबवा, मग १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका फुकट आहे. पोलिसांसाठी ११२.

जखमीला उचलून बसवू नका, मान हलवू नका. हेल्मेट ओढून काढू नका. काच वर करा, श्वास बघा. श्वास चालत नसेल तरच एकाने डोकं आणि मान स्थिर धरायची आणि दुसऱ्याने पट्टा सोडून हेल्मेट हळूच काढायचं. उलटी होत असेल तर डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून अख्खं अंग कुशीवर वळवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कपडा घट्ट दाबून धरा. सारखा उचलून बघू नका, भिजला तर वर दुसरा ठेवा. हळद, तंबाखू, कॉफी, टूथपेस्ट काही भरू नका. पाणी किंवा चहा पाजू नका. तो श्वासनळीत जातो आणि ऑपरेशन लागलं तर अडचण होते.

डोक्याला मार बसलेला माणूस कधीकधी उठून बसतो, बोलतो, ‘मला काही झालं नाही’ म्हणतो, आणि काही तासांनी कोसळतो. म्हणून दोन दिवस त्याच्यावर नजर ठेवा. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, जागं करूनही न उठणारी झोप, एका डोळ्याची बाहुली मोठी होणं, हातापायाची शक्ती जाणं, झटका येणं, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येणं: यातलं एकही दिसलं तर लगेच सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. ‘प्यालाय, झोपू द्या’ असं म्हणून पडून ठेवलेली माणसं सकाळी उठलेली नाहीत, हे मी अपघात विभागात पाहिलं आहे. पोट दुखत असेल, अंग पांढरं पडून घाम येत असेल, तर पोटात रक्तस्राव असू शकतो. खरचटलं असलं तरी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

पोलिसांच्या भीतीने पाय मागे घेऊ नका. कलम १३४ अ प्रमाणे मदत करणाऱ्यावर खटला होत नाही आणि त्याच्यावर नाव-पत्ता देण्याची सक्ती नाही. मे २०२५ मध्ये केंद्राने अधिसूचित केलेल्या योजनेत मोटार अपघातातल्या जखमीला योजनेतल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार पैसे न भरता मिळतो. त्यासाठी पोलिसांत नोंद लागते, म्हणून ती टाळू नका.

कागद सांभाळा

विम्याचा हप्ता भरताना मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा त्यात आहे का ते विचारा. आपल्याच हातून गाडी घसरून मालक गेला, तर साध्या थर्ड पार्टी विम्यातून घराला काही मिळत नाही. या विम्यातून मिळतं. पण गाडी त्याच्या नावावर आणि परवाना चालू हवा. दुसऱ्याच्या चुकीने अपघात झाला असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलं नाही तरी सरकारी योजनेतून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. एफआयआरची प्रत, रुग्णालयाचे सगळे कागद, बिलं एका पिशवीत ठेवा.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास काढा. महिला मंडळाने वस्तीतल्या गाड्या एकेक करून बघाव्यात: दोन हेल्मेटं, साडी गार्ड, आरसे, विमा, परवाना. ज्या घरात दुसरं हेल्मेट नाही त्यांची नावं लिहा, बचत गटातून ते घ्या आणि महिन्याला शंभर रुपयांनी फेडू द्या. पुढच्या महिन्याच्या बैठकीत त्या यादीतली किती नावं कमी झाली ते मोजा.