गोऱ्हा झाला म्हणून गाईला बोल लावू नको

सूनबाई, लागोपाठ गोऱ्हेच झाले म्हणून गाय विकायला काढलीस, ते आधी थांबव. गाईच्या अंड्यात नेहमी एक्सच असतो. वळूच्या बीजात निम्मे एक्सचे, निम्मे वायचे. एक्स पोचला तर कालवड, वाय पोचला तर गोऱ्हा. मागची वेतं पुढच्या वेताबद्दल काही सांगत नाहीत. माणसातही हेच, आमच्या सासवांना हे कुणी सांगितलं असतं तर कितीतरी सुनांचं रडणं वाचलं असतं.

कोंबडीचं मात्र उलट. कोंबडा निघणार की तलंग, हे तिथं कोंबडीचंच अंडं ठरवतं. आणि गोल अंडी निवडून खुडुकीखाली ठेवायचा खटाटोप सोड, आकारावरून काही कळत नाही.

आपल्या हातात आहे ती गाय भरवायची वेळ. काही गाई हंबरत नाहीत, मुका माज करतात. म्हणून पहाटे शेण काढताना शेपटीखाली बघ. अंड्याच्या पांढऱ्यासारखी स्वच्छ, न तुटणारी तार लोंबत असली की माज समज. सकाळी दिसला तर संध्याकाळी भरव, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. तार पिवळट, वास मारणारी असेल तर भरवू नको, डॉक्टरला दाखव. तारीख भिंतीवर कोळशाने लिही. २१ दिवसांच्या आसपास पुन्हा माज आला तर गाय उलटली. नाहीतर साधारण २८० दिवस मोज.

आता कालवडीसाठी सॉर्टेड सीमेन मिळतं. एक्सच्या बीजात डीएनए जवळपास ४ टक्के जास्त असतो, त्यावरून यंत्र बीजं वेगळी करतं. १०० वासरांत ९०च्या आसपास कालवडी. पण गाय फळण्याचं प्रमाण थोडं कमी, म्हणून ठणठणीत, पहिल्यांदा भरवायच्या कालवडीलाच वापर. आणि सगळीकडे तेच नको. डांगी बैलाचं तेलकट कातडं सुरगाण्याच्या पावसाला दाद देत नाही. भाताच्या चिखलात तोच बैल लागतो. घरोघरी कालवडीच झाल्या तर आवणीला काय जुंपशील?

वळू दारचा असेल तर त्याच्याच लेकींना तो लावू नको, वेळीच बदल.

आणखी एक. गाईला जुळं झालं, एक गोऱ्हा न् एक कालवड, तर खूश होऊ नको. पोटात दोघांचं रक्त मिसळतं आणि अशा १०० कालवडींत ९०हून जास्त वांझ निघतात. शेळीच्या जुळ्यांत ही भानगड क्वचितच. बाजारात कालवड घेताना ती जुळ्यातली आहे का, हे दातांच्या आधी विचार.