पानिपत कुठल्या कपाटात?

ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम संपवून दिल्लीतल्या एका मोठ्या ग्रंथालयात तालिकीकरणाची इंटर्नशिप केली. मराठी येतं म्हणून मराठेशाहीवरचा गठ्ठा माझ्या टेबलावर आला. त्यातली बरीच पुस्तकं मराठे आणि अब्दाली यांच्यातल्या १७६१च्या पानिपतच्या लढाईभोवतीची. एका सुट्टीत बस पकडून पानिपतजवळचं काला अंब हे लढाईचं स्मारकही पाहून आले. इंटर्नशिपचं प्रमाणपत्र फायलीत गेलं. कामाला येतं ते असं :

१. नावावरून कपाट ठरवू नये.
‘पानिपत’ ही विश्वास पाटलांची १९८८ची कादंबरी. ‘पानिपत : १७६१’ हा त्र्यं. शं. शेजवलकरांचा इतिहासग्रंथ. ड्यूई पद्धतीत पहिली जाते ८९१.४६३ला, म्हणजे मराठी कथा-कादंबऱ्यांत, दुसरा ९५४.०२ला, भारताच्या इतिहासात. म्हणून कादंबरीच्या नोंदीतही लढाईचा विषय द्यायचा आणि त्याला ‘कादंबरी’ हे शेपूट जोडायचं. वाचकाला एकाच शोधात दोन्ही सापडतात, आणि आपण काय उचलतोय हेही कळतं.

२. मुखपृष्ठाला भुलू नये.
नोंद शीर्षपृष्ठावरून करायची आणि ते उलटून मागची बाजूही वाचायची. आवृत्ती नवी की नुसतं पुनर्मुद्रण, हे तिथल्या बारीक टाइपात असतं. शेजवलकरांचं इंग्रजी ‘पानिपत’ १९४६चं, मराठी १९६१चं. लेखक तोच, लढाई तीच. तरी नोंदी दोन.

३. शकात डोळे मिटून ७८ मिळवू नयेत.
जुन्या मराठी पुस्तकांवर सालाऐवजी शक असतो. लढाई झाली पौष शुद्ध अष्टमीला, शके १६८२मध्ये. ७८ मिळवले तर १७६० येतं. पण तो दिवस १४ जानेवारी १७६१चा. जानेवारी लागल्यापासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शीर्षपृष्ठावर महिना नसेल तर प्रस्तावनेखालची तिथी बघायची. लेखक मंडळी तिथे हमखास तिथी टाकतात.

४. माणूस एक, नावं अनेक. गाठ तालिकेनं मारायची.
अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेल्या काशिराज पंडितानं लढाईचा वृत्तान्त फारसीत लिहिला. ‘एशियाटिक रिसर्चेस’मधल्या इंग्रजी भाषांतरात तोच ‘कासी राजा पंडित’ होतो आणि पानिपतचं ‘पानिपुत’. अहमदशहाला कुणी अब्दाली म्हणून शोधतो, कुणी दुर्राणी. मराठ्यांच्या सेनापतीला कुणी भाऊसाहेब, कुणी सदाशिवराव. एक नाव प्रमाण धरायचं आणि बाकीच्यांवरून तिकडे वाट काढून द्यायची. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात जास्त उपयोगी पडणारं हेच.

५. पुस्तकाच्या पोटात काय आहे तेही लिहावं.
वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८चा. नावात पानिपत कुठेही नाही. आत मात्र १७५० ते १७६१ची पत्रं. नोंदीत एक ओळीची टीप घातली नाही, तर पानिपतच्या अभ्यासकाला हा खंड सापडायचाच नाही.

६. तालिकेनं न्यायनिवाडा करू नये.
काला अंबला आज स्मारकाचा स्तंभ आहे. आंब्याचं ते जुनं झाड राहिलेलं नाही. लढाईतल्या रक्तानं झाड काळवंडलं, ही आख्यायिका तिथे ऐकायला मिळते. खरी की खोटी, हे तालिकाकारानं ठरवायचं नाही. पण ‘काला अंब’ हे स्थळनाम नोंदीत द्यायचं. स्मारक पाहून आलेला माणूस याच शब्दानं विचारणार. बखरींचंही तसंच. ‘भाऊसाहेबांची बखर’ साहित्य की इतिहास, हा वाद अभ्यासकांनी घालावा. आपण दोन्हीकडून वाट ठेवावी.

७. शेवटी काउंटरपलीकडे जाऊन बसावं.
वाचकाचा वेळ वाचवा, असं सूत्र ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१मध्येच सांगून ठेवलंय. नोंदी झाल्या की वाचकांच्या संगणकावर जाऊन आपलीच पुस्तकं शोधून पाहावीत. अर्धवट नाव टाकावं, वेलांटी चुकवावी, रोमन लिपीत ‘शेजवलकर’मधला ‘व’ v आणि w या दोन्ही अक्षरांनी लिहून बघावा. पुस्तक मिळालं तर नोंद पुरी. नाही मिळालं, तर ते कपाटात असूनही हरवलेलंच; नोंद पुन्हा उघडावी.