कुस्तीचा हंगाम : वजन उतरवताना पाणी तोडू नका

कॉलेज सुरू झाले की जिमखान्याच्या फलकावर कुस्तीच्या निवड चाचणीची सूचना लागते. आधी कॉलेजचा संघ, मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विद्यापीठाचा संघ आणि पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धा, असा हा हंगाम चालतो. आपल्या वस्त्यांतली मुले यात उतरतात आणि अलीकडे मुलीही उतरू लागल्या आहेत. खेळाचे प्रमाणपत्र पुढे भरतीत कामाला येते, त्यामुळे घरच्यांनाही त्याचे मोल असते.

याच दिवसांत काही घरांत एक गोष्ट दिसते. मुलगा दोन दिवस जेवत नाही, पाण्याला तोंड लावत नाही आणि उन्हात अंगावर प्लास्टिकचा सूट चढवून पळतो. विचारले तर म्हणतो, “उद्या वजन आहे.” आईला वाटते, पोरगे मेहनत करते आहे. पण ही मेहनत नव्हे, हा जिवाशी खेळ आहे. तो का, आणि त्याऐवजी काय करावे, हे या वेळच्या आरोग्य पानावर समजून घेऊ.

वजनगटाचा मोह

कुस्ती वजनगटात होते. पुरुषांच्या फ्रीस्टाइल कुस्तीत ५७, ६१, ६५, ७०, ७४ किलो असे गट असतात, तर महिलांत ५०, ५३, ५५, ५७, ५९ असे. समजा, एखाद्या मुलाचे वजन ६४ किलो आहे. तो ६५ किलोच्या गटात सहज बसतो. पण त्याला वाटते, तीन किलो उतरवून ६१ मध्ये गेलो तर समोरचा माझ्यापेक्षा हलका असेल. समोरचाही हाच विचार करून वरच्या गटातून उतरलेला असतो. मग दोघेही थकलेले, सुकलेले मॅटवर उभे राहतात आणि फायदा कोणालाच होत नाही.

वजन उतरवणे हाच दोष आहे असे नाही. किती दिवसांत उतरवले आणि अंगातले काय उतरवले, यावर सगळे अवलंबून आहे.

अमेरिकेतले ते तीन विद्यार्थी

अमेरिकेत कॉलेजची कुस्ती फार मोठी आहे. तिथे १९९७ साली, ७ नोव्हेंबर ते ९ डिसेंबर या सुमारे महिनाभरात, तीन वेगवेगळ्या राज्यांतले तीन कॉलेज पैलवान मरण पावले. नॉर्थ कॅरोलायनातला १९ वर्षांचा, विस्कॉन्सिनमधला २२ वर्षांचा आणि मिशिगनमधला २१ वर्षांचा. तिघेही धट्टेकट्टे होते. हंगामाच्या तोंडावर तिघेही एकच गोष्ट करत होते : अन्नपाणी तोडून, हवा न जाणारा सूट अंगात घालून, गरम जागेत व्यायाम करत घाम काढणे. त्यांतला पहिला तर सुमारे बारा तासांत १५ पौंड, म्हणजे जवळजवळ सात किलो उतरवू पाहत होता.

या मृत्यूंनंतर तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, नियम बदलले. रबर-प्लास्टिकचे सूट, वाफेची खोली आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांवर बंदी आली. वजन लढतीच्या अगदी जवळच्या वेळेला घ्यायचे ठरले, म्हणजे मध्ये पाणी पिऊन पुन्हा फुगायला वाव राहू नये. सर्वांत महत्त्वाचा बदल असा की, प्रत्येक पैलवानाचे सर्वांत कमी वजन किती असू शकते, हे हंगाम सुरू होण्याआधीच ठरवले जाऊ लागले. त्यासाठी आधी लघवी तपासतात. अंगात पाणी कमी आढळले तर त्या दिवशी ही मोजणी होतच नाही. मग शरीरातली चरबी मोजतात. पुरुष पैलवानाची चरबी पाच टक्क्यांच्या खाली जाईल असे वजन मान्य होत नाही. आणि आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्याहून जास्त उतरवता येत नाही.

यातला धडा साधा आहे. वजनाचा निर्णय हंगामाआधी घ्यायचा असतो, आदल्या रात्री नव्हे. त्यासाठी अमेरिकेतल्यासारखी यंत्रणा लागत नाही. एक साधा वजनकाटा आणि एक वही पुरते.

घाम म्हणजे चरबी नव्हे

एका रात्रीत तीन किलो उतरले म्हणजे तीन किलो चरबी जळली, हा मोठा गैरसमज आहे. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. त्या एका रात्रीत जळूच शकत नाहीत. रात्रीत जे जाते ते मुख्यतः पाणी असते आणि त्याबरोबर मीठ व इतर क्षार.

पाणी गेले की रक्ताचे प्रमाण घटते. तेवढ्याच रक्तावर सगळे शरीर चालवायचे म्हणून हृदयाला जास्त वेगाने धडधडावे लागते. शरीर थंड ठेवण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम वाळणे. प्लास्टिकच्या सुटात घाम येतो, पण वाळत नाही. त्यामुळे अंगातली उष्णता अंगातच कोंडते आणि ताप ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतो. त्यात क्षारांचा तोल बिघडला की हृदयाची लय चुकते. मूत्रपिंडावरही ताण येतो. तरणाताठा पैलवान अचानक कोसळतो तो यामुळेच.

जीव वाचला तरी कुस्ती हातची जाते. वजन सकाळी होते आणि लढती त्याच दिवशी सुरू होतात. एवढ्या वेळात अंगातले पाणी पूर्ण भरून येत नाही. पायात गोळे येतात, पकड ढिली पडते, डाव सुचत नाही. सहा महिने कमावलेली ताकद एका रात्रीत घालवून पोरगा मॅटवर जातो.

आपल्या सगळ्यांच्या आठवणीतले उदाहरण विनेश फोगाट यांचे आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलो गटात अंतिम फेरी गाठल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी वजन अवघे १०० ग्रॅम जास्त भरले आणि त्या अपात्र ठरल्या. रात्रभर प्रयत्न करून, सोबत डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ असूनही, वजन बसले नाही. अंगातले पाणी घटल्याने त्यांना दवाखान्यात ठेवावे लागले. एवढी साधने असलेल्यांना जे अवघड गेले, ते आपल्या पोराने एकट्याने खोलीत करू नये.

आठ आठवड्यांचा हिशेब

वर सांगितलेल्या ६४ किलोच्या मुलाचाच हिशेब करू. दीड टक्क्याच्या नियमाने त्याची आठवड्याची कमाल मर्यादा ९६० ग्रॅम होते. ताकद टिकवायची तर अर्धा किलोच बरा. म्हणजे तीन किलोला सहा आठवडे लागतील. दोन आठवडे हाताशी राखून धरले तर स्पर्धेच्या आठ आठवडे आधी सुरुवात करावी. एवढे दिवस उरले नसतील तर त्याने ६५ मध्येच खेळावे. भरल्या पोटी आणि पूर्ण ताकदीने खेळणे केव्हाही बरे.

अर्धा किलोसाठी रोज साधारण ५०० कॅलरी कमी व्हाव्या लागतात. त्या भाकरी-डाळीतून काढायच्या नाहीत. एका वडापावात ढोबळमानाने ३०० कॅलरी असतात. दोन-तीन गोड चहा, फरसाण, कोल्ड्रिंक आणि भाजीवरचा तेलाचा तवंग एवढे आवरले तरी हिशेब जमतो.

रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करून वहीत लिहावे. सरावाच्या आधी आणि नंतरही वजन करावे. सरावात जितके घटले ते पाणी असते. एक किलो घटले असेल तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी थोडे थोडे करून प्यावे. मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी किंवा ताक उत्तम. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे. गडद, मोहरीच्या तेलासारखी असेल तर कमी पडते आहे.

अकरावी-बारावीची मुले अजून वाढीच्या वयात असतात. त्यांनी वजन उतरवण्याच्या भानगडीत पडूच नये. अंगाला येईल त्या गटात खेळावे.

खुराक महाग असावाच असे नाही

बदाम, तूप आणि डब्यातली पावडर यांशिवाय पैलवान घडत नाही, ही समजूत गरीब घरातल्या मुलाला आधीच हरवते. सराव करणाऱ्या मुलाला दर किलो वजनामागे रोज साधारण दीड ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोला ९० ग्रॅमच्या आसपास. ती अशी जमतात :

• सोयाबीन वडी ५० ग्रॅम : सुमारे २५ ग्रॅम
• अंडी दोन : सुमारे १२ ग्रॅम
• डाळ किंवा मटकी, कच्ची ७५ ग्रॅम : सुमारे १७ ग्रॅम
• शेंगदाणे मूठभर, ३० ग्रॅम : सुमारे ७ ग्रॅम
• दूध पाव लिटर : सुमारे ८ ग्रॅम
• दिवसभराच्या भाकरी-चपात्या : १५ ते २० ग्रॅम

आठवड्यातून चिकन, मासे किंवा सुकट झाली तर उत्तमच. सरावाआधी तासभर एक केळे आणि सराव संपल्यावर लवकर जेवण, एवढे पाळावे. वसतिगृहातल्या मुलांचा सराव उशिरा संपतो आणि मेस बंद होते. त्यांनी मेसमध्ये सांगून ताट झाकून ठेवायला लावावे. चणे-शेंगदाणे आणि उकडलेली अंडी जवळ ठेवावीत.

ओळखीच्या माणसाने दिलेली गोळी, इंजेक्शन किंवा खुली पावडर घेऊ नये. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या खेळाडूंसाठी बंदी असलेल्या औषधांत येतात. त्या तपासणीत सापडल्या तर बंदी येते आणि न सापडल्या तरी मूत्रपिंड व हृदय धोक्यात येते.

मुलींच्या बाबतीत

वजन उतरवताना पाळी लांबली किंवा थांबली, तर “खेळामुळे होते” म्हणून सोडून देऊ नका. अंगाला अन्न कमी पडते आहे, याची ती खूण आहे. असेच चालू राहिले तर हाडे कमजोर होतात. डॉक्टरांना दाखवा. हंगामाआधी रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्या. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते. आईने हा विषय मुलीशी मोकळेपणाने बोलावा, कारण प्रशिक्षक पुरुष असेल तर मुलगी त्यांना सांगायला संकोचते.

कातडीची काळजी

मॅटवर अंगाला अंग लागते, त्यामुळे गजकर्ण झपाट्याने पसरते. सराव झाला की साबणाने अंघोळ, स्वतःचा टॉवेल, रोज धुतलेले आणि पूर्ण वाळलेले कपडे, कापलेली नखे हे पाळावे. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, म्हणून दोन जोड असावेत. चट्टा दिसला तर मेडिकलमधून मनाने मलम आणू नये. अनेक मिश्र मलमांत स्टेरॉइड असते. त्याने खाज थांबते, पण गजकर्ण आत वाढत राहते. डॉक्टरांना दाखवून औषध सुरू करावे आणि ते बरा होऊ लागेपर्यंत मॅटवर उतरू नये.

हे दिसले तर थांबू नका

सरावात मुलगा बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, ओकारी झाली, अंग तापलेले लागले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. लगेच सावलीत न्या, सूट आणि जाड कपडे काढा, सर्वांगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

मध्यम मार्ग

सिद्धार्थ गौतमांनी सत्याच्या शोधात अन्न तोडून शरीर झिजवून पाहिले. सहा वर्षांनी त्यांना कळून आले की, भुकेने आणि तहानेने खचलेल्या शरीरात मन एकाग्र होत नाही. त्यांनी सुजाताचे अन्न स्वीकारले आणि मग ते ध्यानाला बसले. बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ही हकीकत सविस्तर दिली आहे. शरीराला छळून काही साधत नाही आणि त्याचे लाड करूनही साधत नाही. पैलवानाच्या तयारीला हे तंतोतंत लागू पडते.

यात वस्तीचाही वाटा आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव हेही कॉलेजातूनच पुढे आलेले पैलवान. त्यांना पाठवता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते. आपल्याला एवढे करायचे नाही. १४ एप्रिलच्या साउंडच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढली तर विहारात एक चांगला वजनकाटा येईल आणि वस्तीतल्या दोन-चार पैलवान मुलामुलींची हंगामभराची अंडी होतील.

घरच्यांनी लक्षात ठेवावे

१. मुलगा किंवा मुलगी कोणत्या गटात खेळणार, हे आठ आठवडे आधी विचारा.
२. आठवड्याला अर्धा किलोहून जास्त वजन उतरत असेल तर प्रशिक्षकांना भेटा.
३. घरात प्लास्टिकचा सूट दिसला तर तो वापरू देऊ नका.
४. पाणी कधीही तोडू देऊ नका, वजनाच्या आदल्या रात्रीही नाही.
५. वजन बसत नसेल तर वरच्या गटात खेळायला सांगा. त्यात कमीपणा नाही.

पदक या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी येईल. त्यासाठी पोरगे धडधाकट घरी परत आले पाहिजे.

जय भीम, नमो बुद्धाय.