संकल्पातील काळ : युग, मन्वंतर आणि कल्प

देवळातील अभिषेक असो, घरची सत्यनारायणाची पूजा असो, की तीर्थावर केलेले श्राद्ध असो, प्रत्येक धर्मकृत्याचा आरंभ संकल्पाने होतो. यजमानाच्या उजव्या हातावर पळीभर पाणी व अक्षता दिल्या जातात, गुरुजी संकल्पाचे शब्द सांगतात आणि शेवटी ते उदक ताम्हनात सोडले जाते. बहुसंख्य भाविकांना त्यातील स्वतःचे गोत्र व नाव एवढेच ओळखीचे वाटते. त्यापूर्वी उच्चारले जाणारे द्वितीय परार्ध, श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, कलियुग, प्रथम चरण हे शब्द कानांवरून निघून जातात. वास्तविक हे शब्द म्हणजे त्या भाविकाचा काळातील पत्ता होय. पत्रावर जसे आधी नाव आणि मग गाव, तालुका, जिल्हा लिहितात, तसाच हा पत्ता आहे; मात्र तो उलट क्रमाने, सर्वांत विशाल कालखंडापासून आरंभ करून संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी असा उतरत उतरत त्या एका व्यक्तीपर्यंत येतो.

निमेषापासून दिवसापर्यंत

आपल्या परंपरेतील कालगणनेचे सर्वांत परिचित लहान माप निमेष, म्हणजे पापणी लवण्यास लागणारा वेळ. निमेषांची काष्ठा, काष्ठांची कला, कलांचा मुहूर्त आणि तीस मुहूर्तांचा एक अहोरात्र, अशी ही चढण पुराणांत सांगितली आहे. यावरून एक मुहूर्त ४८ मिनिटांचा होतो. त्याचा अर्धा भाग म्हणजे घटिका, २४ मिनिटांची. पूर्वी लग्नघरी पाण्यात तरंगणारे घटिकापात्र ठेवीत. तळाच्या सूक्ष्म छिद्रातून पाणी शिरून ते पात्र बुडाले की एक घटिका भरली असे समजत.

मनुष्याच्या आयुष्याशी जुळणारी चक्रेही याच गणनेत आहेत. प्रभव ते क्षय अशा साठ संवत्सरांचे एक चक्र पूर्ण झाले की षष्ट्यब्दी करतात. एक हजार पौर्णिमा पाहण्यास सुमारे ८१ वर्षे लागतात; त्या वयात सहस्रचंद्रदर्शनाचा विधी होतो.

चार युगे

मनुष्याचे एक वर्ष म्हणजे देवांचा एक अहोरात्र. उत्तरायण हा त्यांचा दिवस व दक्षिणायन ही रात्र. अशा ३६० अहोरात्रांचे, म्हणजे ३६० मानवी वर्षांचे, एक दिव्य वर्ष होते. या मापाने चार युगांचे प्रमाण पुढीलप्रमाणे आहे.

कृतयुग : ४,८०० दिव्य वर्षे, म्हणजे १७,२८,००० मानवी वर्षे
त्रेतायुग : ३,६०० दिव्य वर्षे, म्हणजे १२,९६,००० मानवी वर्षे
द्वापारयुग : २,४०० दिव्य वर्षे, म्हणजे ८,६४,००० मानवी वर्षे
कलियुग : १,२०० दिव्य वर्षे, म्हणजे ४,३२,००० मानवी वर्षे

या सर्वांचे मिळून ४३,२०,००० वर्षांचे एक महायुग होते. प्रत्येक युगाच्या आरंभी व शेवटी संधिकाल असतो आणि तो वरील संख्यांत धरलेला आहे. कृत, त्रेता, द्वापर व कलि ही मूळची द्यूतातील फाशांच्या दानांची नावे. चार, तीन, दोन, एक हा त्यांचा उतरता क्रमच युगांच्या लांबीतही दिसतो. श्रीमद्भागवतात धर्माला वृषभाचे रूप दिले आहे. तप, शौच, दया व सत्य हे त्याचे चार पाय. युगागणिक एकेक पाय क्षीण होत जातो आणि कलियुगात धर्म केवळ सत्याच्या आधारावर उभा राहतो.

मन्वंतर आणि कल्प

७१ महायुगांचे एक मन्वंतर होते. प्रत्येक मन्वंतरात मनु, इंद्र व सप्तर्षी वेगळे असतात. अशी चौदा मन्वंतरे आणि त्यांच्या आरंभी, मध्ये व शेवटी येणारे, प्रत्येकी कृतयुगाएवढे पंधरा संधिकाल मिळून बरोबर एक हजार महायुगे भरतात. हाच ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे कल्प. त्याची वर्षे ४,३२,००,००,००० होतात. तेवढीच त्याची रात्र असते. दिवसाच्या आरंभी सृष्टी व्यक्त होते आणि रात्री लय पावते, असे भगवद्गीतेच्या आठव्या अध्यायातही सांगितले आहे. अशा दिवसरात्रींच्या शंभर वर्षांचे ब्रह्मदेवाचे आयुष्य ३१,१०,४०,००,००,००,००० मानवी वर्षांचे होते.

आता संकल्पातील शब्दांचा उलगडा होतो. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा पूर्वार्ध संपून द्वितीय परार्ध सुरू आहे. त्याच्या एक्कावन्नाव्या वर्षातील पहिल्या दिवसाचे नाव श्वेतवाराह कल्प. या दिवसातील सहा मन्वंतरे होऊन गेली असून सातवे, वैवस्वत मनूचे, चालू आहे. त्यातील सत्तावीस महायुगे संपली आहेत आणि अठ्ठाविसाव्या महायुगातील कलियुगाचा हा प्रथम चरण आहे. पंढरपूरचा पांडुरंग अठ्ठावीस युगे विटेवर उभा आहे असे आरतीतून घरोघरी म्हटले जाते. त्या अठ्ठावीस या संख्येचा संबंध काही जण या अठ्ठाविसाव्या महायुगाशी जोडतात, तर चार वेद, सहा शास्त्रे व अठरा पुराणे मिळून अठ्ठावीस असाही तिचा अर्थ लावला जातो.

ज्योतिषाची बाजू

या संख्या केवळ भव्यतेसाठी योजलेल्या नाहीत. सूर्य, चंद्र व ग्रह यांच्या प्रदक्षिणा पूर्णांकांत मांडता याव्यात, यासाठी आपल्या ज्योतिर्विदांना एक दीर्घ कालखंड हवा होता. सूर्यसिद्धांतानुसार एका महायुगात गुरूच्या ३,६४,२२० आणि शनीच्या १,४६,५६८ प्रदक्षिणा होतात. ४३,२०,००० या संख्येस त्यांनी भागले असता गुरूचे एक भ्रमण सुमारे ११.८६ वर्षांचे व शनीचे सुमारे २९.४७ वर्षांचे येते. आधुनिक वेधांशी ही माने अत्यंत जवळची आहेत. गुरू सुमारे बारा वर्षांनी सिंह राशीत येतो तेव्हा नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थ भरतो आणि कन्या राशीत येतो तेव्हा कृष्णाकाठी कन्यागत पर्व होते. या पर्वांत स्नान करणारा यात्रेकरू याच गणिताच्या आधारे घाटावर आलेला असतो.

परंपरेनुसार कलियुगाचा आरंभ इ. स. पूर्व ३१०२ मधील फेब्रुवारी महिन्यात झाला. शालिवाहन शकाच्या अंकात ३१७९ मिळविले म्हणजे गतकलीची वर्षे निघतात. उदाहरणार्थ, शके १९२२ मध्ये, म्हणजे इ. स. २००० साली, कलियुगाची ५,१०१ वर्षे होऊन गेली होती.

सर्व आचार्यांचे याबाबत एकमत होते असेही नाही. इ. स. ४९९ मध्ये, म्हणजे कलियुगाची ३,६०० वर्षे झाली असता, आपण तेवीस वर्षांचे होतो असे सांगणारे आर्यभट चारही युगे समान, प्रत्येकी १०,८०,००० वर्षांची मानतात. पुढे इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी ब्राह्मस्फुटसिद्धांत रचला आणि आर्यभटांच्या मताचे खंडन केले. आधुनिक विज्ञान पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे मानते. कल्पाची ४३२ कोटी ही संख्या तिच्या जवळची वाटली, तरी या कल्पातील सुमारे १९७ कोटी वर्षेच झाली असे आपली गणना सांगते. त्यामुळे एकाने दुसऱ्याचे प्रमाण देण्याचा खटाटोप करू नये. या संख्यांचे महत्त्व मनुष्याला त्या काय शिकवितात, यात आहे.

इंद्राचा प्रासाद

ही शिकवण ब्रह्मवैवर्त पुराणातील एका कथेत आली आहे. वृत्रवधानंतर इंद्राने विश्वकर्म्याकडून भव्य प्रासाद बांधण्यास घेतला. कितीही बांधले तरी त्याचे समाधान होईना. तेव्हा भगवान विष्णू बटूच्या रूपाने आले आणि यापूर्वीच्या कोणत्याही इंद्राला एवढा प्रासाद पुरा करता आला नाही, असे सहज बोलून गेले. इतके इंद्र कधी झाले, असे इंद्राने हसून विचारले. त्याच वेळी मुंग्यांची एक रांग भूमीवरून चालली होती. या प्रत्येक मुंगीने पूर्वी इंद्रपद भोगले आहे, असे बटूने सांगितले. एवढ्यात डोक्यावर चटई धरलेले लोमश ऋषी तेथे आले. त्यांच्या छातीवरचा एकेक केस एकेका इंद्राच्या पतनाबरोबर गळत असे. आयुष्य इतके अल्प असताना घर कशाला बांधावे, म्हणून ते ऊनपावसासाठी केवळ चटई बाळगीत.

कलीची धन्यता

हे ऐकून मनुष्याने हातपाय गाळावेत असे मात्र शास्त्राला अभिप्रेत नाही. काही अनुचित घडले की ‘कलियुगच आहे, चालायचेच’ असे म्हणण्याची प्रथा आहे. विष्णुपुराणाच्या सहाव्या अंशातील कथा याच्या अगदी विरुद्ध सांगते. कोणत्या काळी अल्प धर्माचे महान फळ मिळते, असा वाद ऋषींमध्ये पडला, तेव्हा ते व्यासांकडे गेले. व्यास गंगेत स्नान करीत होते. पाण्यातून वर येताच ते म्हणाले, कलि हाच साधु. पुन्हा बुडी मारून वर आल्यावर त्यांनी शूद्रांना आणि त्यानंतर स्त्रियांना, म्हणजे ज्यांना यज्ञयागाचा अधिकार नाकारला गेला होता त्यांना, धन्य म्हटले. स्नान आटोपल्यावर त्यांनी कारण सांगितले. कृतयुगात दहा वर्षांनी, त्रेतायुगात एका वर्षाने व द्वापरयुगात एका महिन्याने जे फळ मिळते, ते कलियुगात एका अहोरात्रात मिळते. पूर्वीच्या युगांत ध्यान, यज्ञ व पूजन यांनी जे साधत होते, ते आता नामसंकीर्तनाने साधते. वारकरी संतांनी महाराष्ट्रात हाच मार्ग सर्वांसाठी खुला केला.

कलियुग संपत आल्याच्या वार्ता अधूनमधून पसरतात. त्यांनाही शास्त्राधार नाही. कलीचा आरंभीचा संधिकालच ३६,००० वर्षांचा आहे आणि त्यातील जेमतेम सातवा भाग सरला आहे. युग बदलण्याची वाट पाहत बसणे कोणाही मनुष्याला शक्य नाही. त्याच्या हाती आजची तिथी तेवढी आहे.

दान आणि काळ

पराशरस्मृतीत कृतयुगात तप, त्रेतायुगात ज्ञान, द्वापरयुगात यज्ञ व कलियुगात दान हे श्रेष्ठ म्हटले आहे. भागवतातील कथेनुसार परीक्षित राजाने कलीला राहण्यास जी स्थाने दिली, त्यांत सुवर्णही होते. म्हणून दान हे सुवर्णाची आसक्ती सैल करणारे साधन ठरते. दानाची प्रतही पराशरांनी सांगितली आहे. गरजवंताकडे आपण होऊन जाऊन दिलेले दान उत्तम, बोलावून दिलेले मध्यम, मागितल्यावर दिलेले कनिष्ठ आणि सेवा करून घेऊन दिलेले निष्फळ होय.

शिलाहार व यादव काळातील दानलेखांच्या शिळांवर चंद्रसूर्य कोरलेले दिसतात. चंद्रसूर्य असेपर्यंत हे दान चालावे, असा त्यांचा आशय. त्यांपैकी कित्येक शिळा आज शेताच्या बांधावर किंवा देवळाच्या आवारात झिजलेल्या अवस्थेत आहेत, काहींवरील दात्याचे नावही वाचता येत नाही. कल्पाच्या अखेरीस तर चंद्रसूर्यही राहत नाहीत. तथापि त्या दानातून जो दिवा लागला, ज्या वाटसरूला अन्न मिळाले, ते त्या त्या दिवशी पूर्णपणे घडले. ते काळालाही मागे घेता येत नाही.

संकल्पाचा आशयही हाच आहे. कोट्यवधी वर्षांचा उच्चार करून झाल्यावर गुरुजी थांबतात आणि यजमानाचे गोत्र व नाव विचारतात. एवढ्या अफाट काळातही आज, या तिथीला, या स्थळी, या मनुष्याने हे कर्म करावयाचे आहे, असे त्यातून स्पष्ट होते. भाविकांनी संकल्पाच्या वेळी घाई करू नये. नाव व गोत्र स्पष्ट सांगावे, शब्दांचा अर्थ गुरुजींना अवश्य विचारावा आणि आपण काय करण्याचे ठरविले आहे ते मनात आणून मगच उदक सोडावे.